माठावरची फळी

बाळगोंडा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच शिव्या देत होतो. "सकाळी नऊला ये, शेवटचा रंग मारायचाय, कोपरा धरायला माणूस पायजे," असं त्यानं आदल्या दिवशी बजावलं होतं, आणि इकडं माझी स्कूटर चालू व्हायला तयार नव्हती. किका मारून मारून माझा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन इंच लांब झाला होता. निपाणीत माझं स्पेअरपार्टचं दुकान आहे, पण त्याचा उपयोग माझी गाडी सोडून बाकी सगळ्या गाड्यांना होतो. आता हा दारात उभा असणार, घड्याळ बघणार, आणि मी पोचलो की दिवसभर तोंड फुगवून बसणार… म्हणून मी आधीच मनातल्या मनात त्याला झाडून घेत होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, पद्मावहिनींचा फोन. "दत्ताभावजी, जरा पटकन येता काय? ह्ये खुर्चीत बसल्यात… हाक मारली तर बोलंनात."

गेलो. खरंच बसला होता. अंगात जुना शर्ट मागचा पुढं करून घातलेला, बटणं पाठीवर. रंगकामाचा त्याचा तोच पोशाख. समोर स्टीलच्या वाटीत रंग कालवून वर प्लास्टिक अंथरलेलं, शेजारी रूळ, फडक्यात गुंडाळलेली फळी, आणि डोक्यावर दोरीला कपड्याच्या चिमट्यांनी अडकवलेले नऊ कागद. सहा रंग मारून झालेले, सातवा राहिलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्यासारखे गेले, काही त्रास झाला नसणार. त्याला नसेल झाला. माणसानं जायचं तर जावं, कोण कुणाला अडवतंय, पण सकाळभराचं काम मागं ठेवून जायचं म्हणजे काय… आणि तेही असलं काम, की जे ह्या पृथ्वीवर दुसरा कोणी करू शकत नाही. मला रडू नंतर आलं. आधी आला तो संताप.

तिकडं शहरात, टिळकवाडीत ज्यांच्या दिवाणखान्यात त्याची धुक्याची नाहीतर उसाच्या तुऱ्याची चित्रं आहेत, त्यांना तो कलावंत म्हणून माहीत. मला तो माझ्या बाकावर बसून माझ्याच पाटीवरच्या पेन्सिली खाणारा पोरगा म्हणून माहीत. पुढं तो चित्रकलेचा मास्तर झाला आणि त्याला फळीवर कोरून छापायच्या चित्रांचं वेड लागलं. साधी चित्रं काढली असती तर आज माझं वय दहा वर्षांनी कमी दिसलं असतं. पण नाही. त्यानं निवडली ती पद्धत अशी, की एकच फळी घ्यायची, दीड वीत लांब, दीड वीत रुंद. तिच्यावर रूळ फिरवून सगळ्यात फिका रंग लावायचा, कागद ठेवायचा, पाठीमागून लाकडी डावानं घासायचं, आणि असे आठ-दहा कागद छापायचे. मग जिथं तो फिका रंग राहायला हवा तेवढी जागा फळीवरून कोरून काढायची, आणि उरलेल्या फळीनं त्याच कागदांवर दुसरा रंग. मग आणखी कोरायचं, तिसरा. प्रत्येक रंगाला फळी थोडी मरते. शेवटच्या गडद रंगापर्यंत तिच्यावर दोन-चार उंचवटे उरतात. चुकलं तर मागं जायला वाट नाही, आणि कोणी म्हणालं, मास्तर, आणखी एक छाप द्या, तर ब्रह्मदेव आला तरी देता येत नाही. शहरातली मंडळी ह्याला रिडक्शन म्हणतात. मी फळीचं वाटोळं म्हणतो.

त्या डावाबद्दलही सांगितलं पाहिजे. तो माझ्या बायकोचा. शिसवी लाकडाचा, आमटी वाढायचा, तिच्या माहेरून आलेला. "दोन दिवसांसाठी दे," म्हणून बाळगोंडानं नेला त्याला आता बावीस वर्षं झाली. आमच्या घरात आमटी पातळ झाली की त्याचा दोष अजून बाळगोंडाला जातो.

जगात सहा ऋतू असतात हे त्याला मान्य नव्हतं. आपल्या भागात नऊ आहेत, असं तो शाळेतसुद्धा शिकवायचा, आणि पोरं परीक्षेत तेच लिहून मार्क घालवायची. गुऱ्हाळाचा एक ऋतू, तंबाखूच्या वासाचा एक, नदीकाठचं धुकं अकरापर्यंत हलत नाही तो एक, खानापूरच्या रानात कारवी फुलते तो सात वर्षांनी येणारा एक. त्या प्रत्येक ऋतूला त्याला तिथं पोचवायचं काम माझ्या स्कूटरचं. नंदगडच्या पुढं एकदा कारवी बघायला गेलो, तर हा निळ्या फुलांपुढं पाच तास बसला. पाचव्या तासाला एक गवा येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, माझ्याकडं बघून त्यानं सुस्कारा टाकला आणि कंटाळून निघून गेला. वहिनी म्हणतात, ती कुणाचीतरी म्हैस होती. असेल. पण सुस्कारा खरा होता. आणि बाळगोंडा जैन, दिवस मावळल्यावर जेवत नसे, त्यामुळं परतीच्या वाटेवर सूर्य आणि माझी स्कूटर यांची शर्यत लागायची. सूर्य जिंकला तर हा उपाशी झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या नावावर.

इतकं करून त्याच्या एकाही चित्रात माझी गाडी नाही. वेदगंगा नदीच्या काठावरची एक चिंच त्यानं किमान तीस वेळा काढली. तीसही वेळा माझी गाडी त्या बुंध्याला टेकून उभी होती, कारण तिचा स्टँड मोडका. मी विचारायचो, "बाळ्या, झाड दिसतंय, धुकं दिसतंय, पलीकडचा बगळा दिसतोय, आणि एवढी मोठी गाडी दिसत न्हाय व्हय रं?" तो डोळे बारीक करून म्हणायचा, "तुझी गाडी कुठल्या ऋतूत बसवू?"

त्याचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे उलटेपणा. फळीवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, उजवीकडचं डावीकडं जातं, हे बालवाडीतल्या पोरालाही कळेल. म्हणून बाकीचे लोक आधी चित्र उलटं काढून घेतात. हा घ्यायचा नाही. डोळ्यांनी जसं दिसलं तसं फळीवर, मग कागदाचं व्हायचं ते होऊ दे. त्यापायी गावात एकदा युद्ध पेटणार होतं. त्यानं शाळूच्या शिवाराचं एक चित्र केलं, त्यात एक बांध आणि बांधाशेजारी विहीर. ते रान दोघा भावांचं. विहीर थोरल्याच्या बाजूला, पण छापात ती गेली धाकट्याच्या बाजूला. धाकट्यानं ते चित्र काचेत बसवून बाहेरच्या सोप्यात टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "बघा की, मास्तर काय खोटं काढतील?" चौथ्या दिवशी थोरला अर्धा गाव घेऊन बाळगोंडाच्या दारात. माझ्या मोजणीनं पाचशे माणूस होतं. वहिनींनी चहा केला तो अकरा कप. बाळगोंडा शांतपणे आत गेला, स्वयंपाकघरातून गव्हाच्या डब्यावरचं झाकण घेऊन आला आणि थोरल्याच्या हातात ठेवलं. ती त्या चित्राची फळी होती. कोरून कोरून रिकामी झालेली, पण विहीर जागेवर. "अण्णा, खरं हितं हाय," तो म्हणाला. "कागदावर उलटं येतंय." थोरल्यानं फळी फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाला, "मग मास्तर, उलटं लोकास्नी देता आणि खरं डब्यावर झाकता, ही कुठली तऱ्हा?"

हेच मी त्याला कित्येक वर्षं विचारत होतो. लोक गेल्यावर पुन्हा विचारलं. हात पुसत म्हणाला, "दत्ता, फळीवर खोटं कोरायला माझा हात उठत न्हाय." डोकं आपटायला मी भिंत शोधली, पण सगळ्या भिंतींवर ओले कागद होते.

झाकणांचं मात्र खरं आहे. छाप पुरा झाला की मेलेली फळी तो वहिनींच्या हवाली करायचा, आणि त्या घरात कुठलंही भांडं उघडायला गेलं की खाली डाळ आणि वर निसर्ग. तांदळावर पांगारा, मिठावर श्रावणातलं गवत, मोडक्या खिडकीच्या फटीत उसाचा तुरा.

छापण्यात माझं काम एकच. कोपरा धरायचा. पाटावर त्यानं सुताराचा काटकोनी गुण्या ठोकला होता. फळी त्यात बसवायची, कागदही त्याच कोनात टेकवायचा, आणि तो घासायला सुरुवात करीपर्यंत मी कागदाचा वरचा कोपरा अधांतरी धरून ठेवायचा. "आधी श्वास सोड, मग कागद सोड," हे वाक्य मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. डाव एकदाच हातात दिला होता. मी घासलेला पांगारा असा सरकला, की प्रत्येक फुलाला दोन सावल्या आल्या. तो छाप माझ्या दुकानात आहे. भूकंपाचं चित्र आहे असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. त्यानंतर डावाचा विषय संपला. कोपरा धर आणि गप बस. गप मी कधी बसलो नाही, ते वेगळं. प्रत्येक चित्राला एक रंग असा यायचा, की आता झालं, आता ह्याला हात लावू नये असं वाटायचं. मी ओरडायचो, "बाळ्या, थांब आता." हा पुन्हा कोरायला घ्यायचा. म्हणून तो शेवटचं कोरलेलं मला छापायच्या क्षणापर्यंत दाखवायचा नाही, फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

ह्या खेपेलाही चिंचच होती. सहाव्या रंगानंतर मी दोरीखाली उभा राहून बघितलं, आणि इतकी वर्षं त्याच्या तोंडावर कौतुक केलं नाही म्हणून आता सांगतो, तसलं धुकं मी प्रत्यक्ष धुक्यातही बघितलेलं नाही. बुंध्याशी फक्त एक तपकिरी ढिगारा होता. "त्ये काय, वारूळ?" मी विचारलं. "व्हय, वारूळ," तो म्हणाला. "मग थांब आता. झालंय." त्यावर तो हसला फक्त… हे चित्राबद्दलचं आमचं शेवटचं बोलणं.

पाहुणे परतल्यावर एका दुपारी वहिनींनी मला बोलावलं. नऊ कागद अजून दोरीवरच होते. "भावजी, तेवढा रंग तुमी मारा." मी म्हणालो, "वहिनी, मी तर म्हणतोय आहे तसंच ठेवूया. झालंय चित्र." त्या चिकोडीकडच्या, माहेरची बोली कानडी, कमी बोलतात. म्हणाल्या, "तुमास्नी झालंय. त्यास्नी न्हवतं झालं." मग मी खरं कारण सांगितलं, की मला भीती वाटते. नऊच कागद आहेत, माझा हात कसा आहे ते सगळ्या निपाणीला माहीत आहे, आणि बिघडले तर त्याचं शेवटचं चित्र मी बिघडवलं असं होणार. पुन्हा छापता यायचं नाही, पुन्हा कोरता यायचं नाही. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पदर खोचून गुण्याचा पाट पुढ्यात आणून ठेवला.

वाटीतल्या रंगावर दुधासारखी साय धरली होती. ती बाजूला केली, खाली काळपट निळा रंग अजून ओला. मग फडकं सोडलं. सगळी फळी हजामत केल्यासारखी मोकळी, आणि मधोमध उरलेलं एवढंसं… चिंचेचा बुंधा, आणि बुंध्याला टेकून उभी असलेली माझी गाडी. मोडका स्टँड. सीटवर बांधलेली प्लास्टिकची पिशवी. उजवा आरसा आहे, डावा नाही, तो मी संकेश्वरला एका बैलगाडीवर घालवलेला. वारूळ म्हणे. मी फळीकडं बघत उभा राहिलो, आणि तोंडातून पुन्हा शिवीच आली. वहिनींपुढं, भर दुपारी.

पहिला कागद मी बिघडवला. दुसराही. नीट दिसत नव्हतं म्हणून. तिसऱ्याला कोपरा धरलेल्या वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आधी श्वास सोडा, मग मी कागद सोडतो." बायकोचा डाव हातात होता, दांडा त्याच्या बोटांनी झिजलेला, तो जिथं झिजला होता तिथंच माझी बोटं बसवली आणि घासलं. तिसरा नीट आला. मग चौथा. नववा चिमट्याला लावला आणि मी सवयीनं रूळ पुन्हा रंगात बुडवला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साकु." त्यांच्या माहेरच्या बोलीत पुरे. कागद संपले होते.

सात छाप चांगले आहेत. त्यातला एक माझ्या दुकानात भूकंपाशेजारी लावलाय. त्यात गाडी चिंचेच्या चुकीच्या बाजूला उभी आहे आणि आरसाही भलत्याच हाताला. गिऱ्हाइकं विचारतात, मी समजावून समजावून थकलो. फळी वहिनींनी रॉकेलनं पुसून माठावर ठेवलीय. डाव बायकोला परत नेऊन दिला, तर तिनं तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाली, तिकडंच असू दे. आता आठवड्यातून एकदा तिकडं जातो. तहान लागते. पाणी घ्यायचं तर आधी माझीच गाडी उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि पाणी पिऊन झालं की पुन्हा जागेवर लावावी लागते. तिथं ती बरोबर बाजूला उभी असते.