वैलावरचं झाकण

आत्याबाई चुलीसमोर कधी बसल्या नाहीत. त्यांची जागा चुलीच्या कडेला, वैलापाशी. ज्यांच्या घरी आता फक्त गॅस आहे त्यांच्यासाठी सांगते: वैल म्हणजे चुलीचं बाजूचं दुसरं तोंड. त्याला वेगळं जळण घालत नाहीत. मोठ्या तोंडाखालून जी धग सरकत येते, तेवढ्यावर तिथलं पातेलं शिजतं. "पुढं बसा की," असं कुणी म्हटलं तर आत्याबाई म्हणायच्या, "नगं बाई. मोठा जाळ बघितला की मला माझं सासर आठवतं."

त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत न्हावऱ्याला माहेरी परत आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझे सासरे होते तोवर त्या भावाच्या घरी राहिल्या, ते गेल्यावर भाच्याच्या. आम्ही नोकरीमुळे दौंडला, धाकटा दीर आणि जाऊ सुनीता न्हावऱ्याला. घर सिमेंटचं झालं, स्वयंपाकघरात ओटा आला, पण मागच्या पत्र्याच्या पडवीतली चूल आत्याबाईंनी मोडू दिली नाही.

भाऊबीजेला आमच्याकडचे सगळे न्हावऱ्याला जेवतात. नणंदा, जावई, त्यांची पोरं, चुलत घरचे. या जेवणाची आखणी माझ्याकडे आहे, कारण दुसऱ्या कुणाकडे दिली तर मीठ दोघी आणतात आणि तूप कुणीच आणत नाही. दसरा झाला की मी वही काढते. पुऱ्या नणंदांकडे, बासुंदी सुनीताकडे, येसर आमटी माझ्याकडे. तोंडीलावणी आत्याबाईंकडे: हुलग्याची उसळ, उडदाचं घुटं आणि भरली वांगी. वैलावर एका वेळी एकच पातेलं बसतं, म्हणून त्यांचा क्रम ठरलेला. हुलगे आदल्या संध्याकाळी चढायचे ते सकाळी उतरायचे, मग घुटं, मग वांगी. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दर वर्षी मी यादी घेऊन गेले की त्या विचारायच्या, "माझं काय लिवलंस?"

"तोंडीलावणी."

"आन् नाव?"

"तुमचंच. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"मग वाच की."

मी वाचायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि पदर सावरून उठायच्या, जशी काही सही झाली.

त्यांचा एकच नियम होता. वैलावरचं झाकण कुणी उचलायचं नाही. चमचा घालून बघणं, दाणा दाबून बघणं, हे त्यांना पोरकट वाटायचं. त्या झाकणाकडे कान करून बसायच्या. आत पाणी किती उरलंय, दाणा फुटलाय का, खाली लागायला आलंय का, हे त्यांना आवाजावरून कळायचं. "ती आत तिचं तिचं काम करतीय," त्या म्हणायच्या. "आपल्याला कुणी न्हाताना दार उघडलं तर चालंल का?" नणंदा हसायच्या, पण हात मागे घ्यायच्या. आणि चव, ती मी कशी सांगू. हुलगा आख्खा दिसायचा आणि जिभेवर ठेवला की विरघळायचा. थोरले जावई बासुंदीची वाटी बाजूला सारून उसळीची वाटी पुढे करायचे.

हा नियम पाळून घ्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. पडवीत भाऊबीजेला पाय ठेवायला जागा नसते. पोरं वैलाकडे गेली की मी दटावायची, नणंदांना मी अडवायची. एका धाकट्या जावयाने गंमत म्हणून झाकणाला हात लावला तर मी त्यांना भर पंगतीत बोलले. नव्या जावयाला असं बोलू नये, हे मलाही कळतं.

दोन दिवाळ्यांपूर्वी दिराने विषय काढला. "वहिनी, आता बास करू. शिरूरचा आचारी सांगू, न्हाईतर सगळे हायवेला हॉटेलात जाऊ. बायकांना तरी निवांत बसता येईल." त्याचं चूक नव्हतं. नणंदांचे गुडघे गेलेत, माझी पाठ गेली आहे. तरी मी आडवी आले. म्हटलं, आचारी पुऱ्या तळेल, पण वैल कुठून आणेल? आत्याबाई आहेत तोवर जेवण या घरात. मी स्वतः चूल नव्याने लिंपून घेतली, बाभळीची लाकडं फोडून घेतली, गोवऱ्या रचून ठेवल्या. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "बरं बोललीस, थोरले," एवढंच म्हणाल्या. आणि त्यांच्याशेजारी सुनीता खाली मान घालून लसूण सोलत होती.

गेल्या भाऊबीजेला मी ठरल्यापेक्षा लवकर पोचले. चौफुल्यावर गर्दी लागेल म्हणून दौंडहून अंधारातच निघालो होतो, पण रस्ता मोकळा मिळाला. गावात लाईट नव्हती. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, आदल्या संध्याकाळी गेली होती, मधे थोडी आली, पुन्हा गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. आमचा स्वयंपाक गॅसवर आणि चुलीवर, लाईटशी आमचा संबंध काय? मी ओट्याचा ताबा घेतला, येसराचं पीठ कालवलं, आमटीला फोडणी दिली. सुनीता सारखी आत-बाहेर करत होती. दोनदा म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बसा, मी बघते गॅसचं." मी म्हटलं, मला बसायला वेळ नाही.

नणंदा आल्या, पुऱ्या लाटायला घेतल्या. मी पडवीत गेले. चूल छान पेटलेली, वैलावर पातेलं, झाकणाखालून वाफ. आत्याबाई साडी बदलायला गेल्या होत्या. वांगी उतरवायची वेळ झाली होती आणि पंगत अंगणात बसायला लागली होती. मी फडकं घेऊन पातेलं उचललं तर ते हलकं लागलं. भरल्या वांग्यांचं भांडं हातात घेतल्यावर कसं लागतं ते मला माहीत आहे. मी झाकण काढलं.

आत पाणी होतं. स्वच्छ, उकळतं पाणी.

सुनीता माझ्यामागे येऊन उभी होती. "ताई, ते हात धुवायला ठेवलंय," ती म्हणाली.

"मग वांगी, हुलगे, घुटं, सगळं कुठं आहे?"

ती मला धान्याच्या खोलीत घेऊन गेली. बाजरीच्या पोत्यांमागे, भिंतीतल्या प्लगपाशी, चादरीखाली झाकलेले दोन स्लो कुकर, विजेवर रात्रभर मंद शिजवणारे. आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. एकात हुलगे, एकात उडीद. दोन्ही कोमट. हुलगा मी दाताखाली धरला तर खडा लागल्यासारखा वाजला.

"कधीपासून?"

"ही तिसरी दिवाळी."

म्हणजे मी आचाऱ्याला नको म्हणाले तेव्हाही. चूल लिंपून घेतली तेव्हाही. जावयाला बोलले तेव्हाही त्या झाकणाखाली पाणीच होतं.

आत्याबाई दारात आल्या. नवी साडी, हातात काकणं. माझ्या हातातलं काचेचं झाकण त्यांनी बघितलं. घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला आता आवाज येत न्हाई, थोरले. दोन्ही कान गेल्यात. एकदा हुलगं करपलं तरी कळलं न्हाई. वासबी न्हाई आला. मग धाकटीनं हे लाईटीचं मडकं मागवलं."

"मग मला का नाही सांगितलं?" मला मोठ्याने बोलावं लागलं, तेव्हा कळलं की गेली काही वर्षं मी त्यांच्याशी मोठ्यानेच बोलते आहे.

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच सोय केली असतीस."

"सोयच केली असती. त्यात वाईट काय?"

"व्हय. तू लई चांगली सोय करतीस. उसळीची केली असतीस, घुट्याची केली असतीस. आन् मला पाटावर बसवून वाढलं असतंस. ह्या घरात मला पाटावर कवा बसवलंय कुणी? मी बसाया आले न्हाई हितं."

मी म्हटलं, "सुनीताला चाललं सांगितलेलं."

"तिच्याकडं वही न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

पुढचं मी उरकलं, कारण अंगणात पानं मांडली होती. हुलगे प्रेशर कुकरमध्ये घातले, भरपूर शिट्ट्या केल्या, घुटं दुसऱ्या कुकरला. पहिल्या पंगतीला आमटी-पुरी वाढून वेळ काढला. वांगी तर सुनीताने पहाटेच गॅसवर करून ठेवली होती. वाटीत उसळ पडली तेव्हा थोरल्या नणंदेने डोळे मिटून घास घेतला आणि म्हणाली, "वैलाची चव ती वैलाचीच. गॅसवर करून बघितलं, जमत न्हाई." मी तिच्या पानात पुरी वाढली. आत्याबाई पडवीतून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना ऐकू आलं नसणार, पण नणंदेचं तोंड बघून काय म्हणाली ते कळलं असणार.

निघताना त्या गाडीपाशी आल्या. खिडकीत हात ठेवून म्हणाल्या, "फुडल्या साली माझं नाव ऱ्हाईल का?"

"राहील. पण काही असलं तर आधी मला सांगायचं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मला दिसलं की सांगणार नाहीत. इतक्या वर्षांत या घरात मी कुणासाठी भांडले असेन तर त्यांच्यासाठी. त्यांनी मला पाण्याच्या पातेल्यावर राखणीला बसवलं, आणि खरं सांगायला सुनीता निवडली.

उन्हाळा लागता लागता त्या गेल्या. आजारी आहेत हेही मला उशिरा कळलं. "थोरलीला सांगू नका, ती दवाखाना ठरवून येईल," असं म्हणाल्या होत्या म्हणे. दहाव्याला आलेली प्रत्येक बाई माझ्यापाशी येऊन तेच म्हणाली: वैलाची चव गेली. मी मान हलवत राहिले. सुनीता माझ्याकडे बघत नव्हती.

दोन्ही स्लो कुकर आता दौंडला माझ्या ओट्यावर आहेत. "आत्याबाई म्हणाल्या, थोरलीलाच द्या," सुनीता म्हणाली. मी त्यात हुलगे करून बघितले. आदल्या संध्याकाळी लावले, सकाळी बघितले. हुलगा आख्खा दिसला आणि जिभेवर विरघळला. आधीच्या दोन भाऊबीजांना मी जी उसळ खाऊन वैलाच्या नावाने भांडले, ती हीच होती. मला फरक कळला नव्हता. पण मला फसवलं याचा राग त्याने कमी होत नाही, उलट वाढतो.

या दिवाळीची यादी झाली आहे. तोंडीलावणी माझ्याकडे. नणंदांना मी सांगितलंय की आत्याबाईंनी जाता जाता मला शिकवलं, वैलावर करते. स्लो कुकर धान्याच्या खोलीत, चादरीखाली राहतील. पाण्याचं पातेलं आहेच. फक्त डीपीचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर नेते आहे. ती सोय आत्याबाईंनी केली नव्हती, आणि मला सांगितलं असतं तर तेव्हाच झाली असती.