पट्ट्या वाळवायचा पडदा

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी नर्स होते आणि स्वतःवर भलती खूश होते.

खूश असायला कारणही होतं. दवाखान्यात बँडेजचा कायम तुटवडा. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. बाहेर वाळत घातल्या की येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ त्यांवर बसे. मग मी युक्ती काढली. बायकांना तपासताना आडोशाला लावायचा लाकडी चौकटीचा एकच पडदा होता. तो आतल्या खोलीत खिडकीशी नेला आणि त्याच्यावर पट्ट्या वाळवू लागले. जखमा चिघळायच्या कमी झाल्या. डॉक्टरसाहेब येईल त्याला माझ्या पट्ट्या दाखवत, आणि मी शेफारले.

सुरुवातीला कुणी बाई तपासायला आली की मी पट्ट्या उतरवून पडदा लावत असे. उतरवलेल्या पट्ट्या कुठंतरी ठेवायच्या, त्या मळायच्या, पुन्हा उकळायच्या. लवकरच कंटाळले. "पदर आडवा घे की गं," एवढ्यावर भागवायला लागले. पहिल्यांदा असं म्हणताना जीभ अडखळली होती. दहाव्यांदा अडखळली नाही.

बाजारच्या दिवशी दवाखाना फुलून जायचा. बाजाराला येणाऱ्या गाडीतूनच माणसं दुखणं घेऊन येत. अशाच एका बाजारी ताडकळसकडची एक बाई आली. तिशीची असेल. मागं तिचा सासरा उभा, शेजारच्या बाकड्यावर पाच-सहा पुरुष.

"काय व्हायलंय?" मी विचारलं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं, माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, जरा आडोसा हाय का?"

पट्ट्या मी नुकत्याच पडद्यावर वाळत घातल्या होत्या. ओल्या होत्या.

"इथं कोण बघायलंय गं तुला?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बोल लवकर, लय गर्दी हाय."

बाकड्यावरचे दोघं हसले. ती मागं सरकली. मग म्हणाली, "डोकं दुखायलंय."

डोकं दुखणाऱ्याचा हात कपाळाशी जातो. तिचा हात पदराखाली, छातीशी होता. मी तो पाहिला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली: मी पाहिला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन ती गेली.

मी तेव्हा दमले होते, असं नंतर स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं. खोटं आहे ते. सकाळची वेळ होती, अंगात जोर होता आणि वरून कुणाचा हुकूमही नव्हता. मला माझ्या पट्ट्या प्रिय होत्या, बस्स.

ती पुन्हा आली तेव्हा मधे कित्येक महिने गेले होते, ज्वारीची काढणी उरकली होती. या वेळी तिनं आडोसा मागितला नाही. सरळ टेबलाशी आली आणि सगळ्यांदेखत पदर बाजूला केला. स्तनातली गाठ फुटून मोठी जखम झाली होती. बाकड्यावरचे पुरुष आपण होऊन उठून बाहेर गेले. मी आत धावले, पडद्यावरच्या पट्ट्या ओढून खाली टाकल्या आणि पडदा आणून तिच्याभोवती उभा केला.

साहेबांनी तपासलं. "आता हैदराबादेला नेऊनही काही व्हायचं नाही," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मग तिच्यावरच भडकले. "इतकं होईपर्यंत काय करत होतीस? आधी का आली नाहीस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. ही आता सांगणार, असं मला वाटलं. सांगून टाकावं असंही वाटलं, पण सांगू नये असं त्याहून जास्त वाटलं.

"कामाधामात ऱ्हाऊन गेलं, साहेब," ती म्हणाली.

साहेब बराच वेळ बोलत राहिले. खेड्यातल्या बायका कशा अडाणी, दुखणं कशा अंगावर काढतात, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. 'ही आली होती साहेब, मीच हिला बोलू दिलं नाही,' एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी तिची जखम पुसत राहिले आणि साहेबांच्या प्रत्येक बोलण्यावर मान हलवत राहिले.