पाचही जणांना सारखं

माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये पाच बाप्ये होते. खेळातले. सगळे उंच, गोरे, केस कपाळावर आलेले. खेळणाऱ्या पोरीशी ते गोड बोलायचे, तिची विचारपूस करायचे आणि तिच्या बाजूनं भुतांशी लढायचे. दिवाळीनंतर पंधरा दिवस ते माझ्या ताब्यात होते आणि मी त्यांची वाट लावली.

सुनेची कंबर धरली होती. तोडीला जोडी लागते, म्हणून लेकानं दहावीतल्या पोरीला तिच्या जागी ऊसतोडीला नेलं. मी नको म्हणाले. माझं कुणी ऐकलं नाही. मोबाईलही तिला नेऊ दिला नाही. टोळीत पोरीच्या हातात मोबाईल नको, म्हणाला. निघायच्या सकाळी तिनं तो माझ्याकडं दिला, सोबत एक वही दिली.

"आज्जे, पंधरा दिवसांत शेवटचं भूत मारायचं. तेवढंच कर. दुसरं काय मागत न्हाई मी."

मी चौथी शिकले आहे. मराठी वाचता येतं. खेळ इंग्रजीत होता, म्हणून तिनं वहीत बटणांची चित्रं काढून खाली लिहिलं होतं. गोष्ट अशी होती. त्या पाचांत तिचा एक आवडता होता, पांढऱ्या सदऱ्याचा. त्याचं एक दुर्मिळ कार्ड पंधरा दिवसांपुरतं आलं होतं. खेळातले हिरे भरून चिठ्ठी काढावी तसं कार्ड काढायचं. कोणतं निघेल सांगता येत नाही. पण सत्तर वेळा काढलं की ते हमखास मिळतं. पोरीनं वर्षभर न उधळता साठ वेळचे हिरे जमवले होते. उरलेल्या दहा वेळचे हिरे शेवटचं भूत मारल्यावर मिळणार होते.

लढायला दम लागतो. तो आपोआप भरतो, पण काठोकाठ भरला की पुढचा वाया जातो. म्हणून मी सकाळ, दुपार, चूल पेटवायच्या आधी, असा तीनदा मोबाईल उघडायची. छोटी भुतं मारली की भुकटीच्या बाटल्या मिळतात आणि ती भुकटी ज्याला द्यावी त्याची ताकद वाढते. ती कुणाला द्यायची, हे मात्र पोरीनं लिहिलं नव्हतं. एवढं तर कुणालाही कळतं, असं तिला वाटलं असेल.

गावात पंगत बसली की वाढायला मला बोलावतात, कारण माझा हात सारखा आहे. एकाच्या पानात दोन लाडू आणि शेजारच्याच्या पानात एक, असं माझ्या हातून कधी झालं नाही. बाटल्याही मी तशाच वाटल्या. पाच बाप्ये, पाचांना सारख्या. एखादी जास्तीची उरली तर कुणालाच दिली नाही.

शेजारीण डोकावून म्हणाली, "म्हातारे, ह्या वयात पोरं बघायलीस व्हय?"

"बघायले तर. तुझ्या नवऱ्यापरीस लय देखणे हायेत."

दहाव्या दिवशी शेवटचं भूत आलं. तीन मिनिटांत मारायचं होतं. पहिला बाप्या पडला. दुसरा लावला, तोही पडला. एकामागून एक पाचही पडले. कुणी उपाशी नव्हता आणि कुणाच्या अंगात जोर नव्हता. दिलेली भुकटी परत काढता येते का म्हणून सगळी बटणं दाबली. येत नव्हती. उठून पाणी प्यायले आणि परत येऊन पुन्हा तीच बटणं दाबली.

कारखान्यावर गाड्यांची रांग लागली की पोरगी बापाच्या फोनवरून बोलायची. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"मेलं का?"

"न्हाई. पाचही पडायलेत."

"भुकटी कुणाला दिलीस?"

"पाचांलाबी. सारखी."

"आज्जे, ती काय पंगत हाय का?"

"तू लिवलं न्हाईस. मला काय ठावं?"

"भुताभोवती कवच कोणत्या रंगाचं हाय?"

"निळं."

"मग निळ्या कोटवाल्याला सगळं दे. त्याच्याच हातानं ते फुटतं. बाकीच्यांकडं बघू बी नको."

"तो तर तुला आवडत न्हाई."

"आवडायचं काय त्यात? कामाचा हाय."

मी विचारलं, हात कसे आहेत. उसाच्या पाचटानं कापतात, मला माहीत आहे. "हायेत," म्हणाली.

चार दिवस उरले होते. एकाला देऊन चौघांना तसंच ठेवायचं, हे हाताला जमत नव्हतं, पण केलं. निळा कोटवाला वाढत गेला. तेराव्या दिवशी रिचार्ज संपला, खेळ उघडेना. तालुक्याला, सोनपेठला एसटीनं जाऊन येईपर्यंत दुपार गेली आणि तेवढा दम वाया गेला. त्या दिवशी मी जेवले नाही. भूकच लागली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी बाराला ते कार्ड जाणार होतं. सकाळी लढवलं. भुताचा जीव नखाएवढा राहिला आणि तीन मिनिटं संपली. पुन्हा लढवलं, पुन्हा तेवढाच राहिला. तिसऱ्यांदा माझा अंगठा घामानं घसरला. दम संपला. बाराच्या आत तो भरणार नव्हता.

आता साठ वेळचे हिरे तेवढे होते. काढले असते तर कार्ड निघालंही असतं. वही पालथी घातली. शेवटच्या पानावर तिनं खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'सत्तर पुरे झाल्याशिवाय काढायचं नाही. अर्धवट काढलं की सगळं जातं.' मी बटणावर अंगठा धरून बसले. दोनदा उचलला, दोनदा ठेवला. दाबला नाही. बारा वाजले आणि पांढऱ्या सदऱ्याचं चित्र गेलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी सरळ सांगितलं, भूत मेलं नाही, हिरे राखलेत.

"साठाचे काढलेच न्हाईस?"

"न्हाई."

"काढायचे व्हते, आज्जे. निघालं असतं."

"तूच लिवलंस ना, अर्धवट काढू नको म्हणून."

"लिवलं तवा मी घरी व्हते."

मागून माझ्या लेकाचा आवाज आला, गाडी रिकामी झाली, चल. फोन बंद झाला.

हिरे आहेत तसे आहेत. ते कार्ड पुन्हा कधी येईल, हे तो खेळ आधी सांगत नाही. आलं तर तिला विचारीन, आणि काढ म्हणाली तर काढीन. सत्तर असोत नसोत.