धावदोरा

बाप्तिस्मा होऊन महिना झाला, तरी शिंपीकाकांना शास्त्रवाचन काही जमेना. रोज सकाळी तीन अध्याय भराभर वाचून काढायचे आणि दुपारपर्यंत पाटी कोरी! शेवटी जाकीट घालून बघायला आलेल्या शिक्षिकाबाईंपुढे त्यांनी पुस्तक ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी ते बाईंनीच दिलं होतं.

"घेऊन जा, बाई. चौथी नापास माणसाचं हे काम नाही."

बाई आरशापुढे उभ्या होत्या. "काका, जाकिटाला नुसता धावदोराच घातलात?"

"आधी कुठे काचतं ते सांगा, मग पक्की टीप मारतो."

"मग पुस्तकालाच टीप मारायची एवढी घाई का? शुभवर्तमानातला एकच उतारा घ्या, दिवसभर अंगात घालून वावरा. कुठे काचतं ते बघा."

काका हसले. पुस्तक पुन्हा कात्रीशेजारी गेलं.

चार दिवसांनी बाई आल्या, तर जाकीट तसंच लटकत होतं.

"क्षमेचा उतारा वाचला," काका कान खाजवत म्हणाले. "फार काचला हो. धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला होता. काल दुकान बंद ठेवून त्याच्याकडे जाऊन आलो."

"आणि माझं जाकीट?"

"उद्या नक्की. तुम्हीही तोच उतारा वाचा ना, बाई!"