माथ्यावरची प्रार्थना धोंडाबाईंची

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना दोन प्रकारच्या. एकीत भात गार होतो आणि दुसरीत माणूस गार पडतो.

पहिली कोंडाजी मास्तरांची. जेवणाआधी आभार मानायला ते उभे राहिले की थेट आदामापासून निघतात, आणि इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत आमच्या वरणावर साय धरते. दुसरी धोंडाबाईंची. ती आखूड असते, पण तिच्यात सगळ्यांची नावं असतात.

"बापा," अशी त्या सुरुवात करतात. देव समोरच्याच बाकावर बसलाय आणि त्याला जरा कमी ऐकू येतं, असा आवाज. "छायाच्या सासूला थोडी समज दे. भिमाजी दवाखान्याच्या नावाखाली कुठं जातो ते तुला ठावं हाय, मी बोलत नाय. आन त्या पल्लवीला गनितात पास कर. पोरगी हुशार हाय, पन सगळी हुशारी दुसऱ्याच्या नकला करन्यात घालिवती."

पल्लवी म्हणजे मी. आणि हो, ही वरची नक्कल चांगली जमते मला. मास्तरांचीही जमते, पण तिला वेळ फार लागतो.

धोंडाबाई मूळच्या चांदवडकडच्या. बारा वर्षांच्या असताना मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायला आल्या, पुढे दवाखान्यात आया झाल्या आणि छत्तीस वर्षं बाळंतिणींच्या खोलीत काढली. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातात जन्मली. त्यामुळे कोणी समोर आलं की 'सलाम' म्हणायच्या आधी त्या त्याचं जन्मावेळचं वजन सांगतात. कमिटीचे सेक्रेटरी स्वतःच्या लग्नात कोट घालून उभे होते, तर शंभर माणसांत म्हणाल्या, "ह्यो रडतच नव्हता. उलटा धरला, दोन चापट्या दिल्या, तवा तोंड उघडलं. तवापासून मिटलं नाय." सेक्रेटरी अजूनही त्यांच्यासमोर बोलताना एक हात मागे ठेवतात.

पण एवढ्या बोलक्या बाईला मंडळीत बोलायला जागा नाही. त्यांना वाचता येत नाही. रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी एकेकाला येते, धोंडाबाईंना कधीच आली नाही. गीतांचं पुस्तक त्या हातात धरतात, पुष्कळदा उलटं, आणि त्यातलं गीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाठ म्हणतात. कमिटीत सगळे पुरुष. उरते वर्षातली एकच जागा, आणि ती डोंगरावर आहे.

सव्वीस जानेवारीला शाळेचं झेंडावंदन उरकलं की आम्ही दोन टेम्पो करून चांदवडच्या अलीकडच्या एका डोंगरावर जातो. आम्ही त्याला प्रार्थनेचा डोंगर म्हणतो. खालच्या वाडीतले लोक बोडक्या म्हणतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. चढताना तीन ठिकाणी थांबून प्रार्थना करायची: पायथ्याला, अर्ध्यावरच्या आंब्याखाली आणि माथ्याच्या जरा खाली असलेल्या सपाट खडकावर. चौथी माथ्यावर. ती मोठी. तिचा नियम फार पूर्वीच्या एका पाळकांनी घालून दिलाय: जो वयानं सगळ्यात मोठा आणि स्वतःच्या पायांनी वर आला, प्रार्थना त्यानंच करायची. उचलून आणलेला चालत नाही.

नऊ वर्षं ती प्रार्थना धोंडाबाईंची होती. कोंडाजी मास्तर त्यांच्यापेक्षा अकरा महिन्यांनी लहान. नऊ वर्षं मास्तर माथ्यावर हात बांधून उभे राहत, आणि त्यांचा चेहरा एका मार्कानं नंबर हुकलेल्या मुलासारखा दिसे.

दोन हजार तीन सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले, समाधानसाहेब. जालन्याचे. म्हणजे त्यांना धोंडाबाईंनी उलटं धरलेलं नव्हतं. मंडळीत बाईंना न घाबरणारा हा एकच माणूस. त्यांच्या कानावर आलं होतं, की गेल्या वर्षी धोंडाबाईंच्या गुडघ्यांसाठी सगळे दीड तास उन्हात थांबले आणि दोन पोरांना चक्कर आली. म्हणून यंदा त्यांनी पायथ्याशीच जाहीर केलं:

"ॲक्च्युअली, या वर्षी कोणी कोणासाठी थांबणार नाही. जो मागे पडेल, त्यानं आंब्याखाली बसायचं. तिथं ठमाबाई चहाचं पातेलं घेऊन बसणारच आहेत. मावशी, मनाला लावून घेऊ नका, सेफ्टीचा प्रश्न आहे."

"कोनाची सेफ्टी?"

"तुमचीच, मावशी."

"मंग मला इचारायची."

पाळकसाहेब हसले आणि शिट्टी शोधायला लागले. धोंडाबाई ठमाबाईंकडे वळल्या. ठमाबाई त्यांची जन्माची मैत्रीण, पण त्या वेळी धोंडाबाईंनी तिच्या पातेल्याकडे असं पाहिलं, की चहा नासलाच असता.

"ठमे, एकदा आंब्याखाली बसले की बसले. मंग दरसाल मला तिथंच बसवतील. आन वरती कोन? मास्तर! त्याच्या प्रार्थनेत निस्ते मेलेले राजे. जित्या मानसांचं बापाला कोन सांगनार?"

ठमाबाईंनी साखरेची पुडी बांधत विचारलं, "मग करते काय?"

धोंडाबाईंनी वर माथ्याकडे पाहिलं. वाडीतला झिपरू शेळ्या घेऊन चालला होता, तो थांबला. "मावशी, औंदा बी चालल्या? तुमचा देव खाली नाय का येत?"

"येतो की. पन इथं कमिटी हाय ना, त्याला बोलू देत नाय."

आणि मग एकदम गोड आवाजात, मी तरी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, वाटेतल्या तिन्ही प्रार्थना औंदा मास्तरांनाच सांगा. त्यांच्यावानी कोनाला जमती?"

सगळे चाट पडले. मास्तरांनी मफलर सारखा केला, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "आपली आज्ञा असेल तर." माझी आई पुटपुटली, "संपलं. आता जेवण संध्याकाळी."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे प्रार्थनेत डोळे मिटायचे म्हणजे मिटायचे, आमेन होईपर्यंत. मी पाच वर्षांची असताना संडे स्कूलमध्ये तक्रार केली होती, "टीचर, ललित डोळे उघडे ठेवतो." टीचरनं मलाच उभं केलं. "तुला कसं दिसलं?" तेव्हापासून मी प्रार्थनेत एकच डोळा उघडा ठेवते आणि तोंड बंद. लोकांचे चेहरे बघायला याहून चांगली वेळ नाही. कोणीही तोंड सांभाळून उभं नसतं.

तर पायथ्याला मास्तरांनी सुरुवात केली. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वव्यापी परमेश्वरा, ज्यानं प्रारंभी आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली..." चाळीस माथी खाली गेली, चाळीस जोड्या डोळे मिटले. माझा एक उघडा. आणि त्या एका डोळ्याला दिसलं, की धोंडाबाईंनी पदर कमरेला खोचला, काठी उचलली आणि कोणाच्याही चपलेवर पाय न देता त्या गर्दीतून निघाल्या. मास्तर नोहाच्या तारवात प्राणी भरत होते तेव्हा त्या पहिल्या वळणावर होत्या. मोशे डोंगर चढला तेव्हा दिसेनाशा झाल्या.

आमेन झालं. आम्ही चढायला लागलो. बरंच वर त्या एका दगडावर बसलेल्या सापडल्या, पदरानं वारा घेत. "हळूहळू या रे, घाई नाय," म्हणाल्या. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

त्यानंतर अर्थातच सगळे त्यांच्या पुढे गेले. आंब्याखाली आम्ही पोचलो, पाणी पिऊन झालं, तरी त्या खालीच होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "चला, प्रार्थना करून निघू या. आमेननंतर मात्र कोणासाठी थांबायचं नाही." मास्तरांनी हात जोडले. अब्राहाम, इसहाक, याकोब. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तेव्हा काठीचा आवाज आला. धोंडाबाई आंब्याखालून, ठमाबाईंच्या पातेल्याला वळसा घालून, न थांबता पुढे गेल्या. ठमाबाईंनीही डोळे मिटलेले नव्हते. त्यांनी पुढे जाणाऱ्या धोंडाबाईंच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि लगेच डोळे घट्ट मिटून 'होय प्रभू, होय प्रभू' सुरू केलं.

खरी पंचाईत सपाट खडकावर झाली. तिथून माथा अगदी समोर आहे, पण मधली चढण उभी आणि सगळा सुटा मुरूम. माझेही पाय तिथं घसरतात. मास्तरांनी प्रार्थना सुरू केली, तेवढ्यात मागे पडलेल्या धोंडाबाई खडकावर पोचल्या आणि न थांबता पुढे निघाल्या. पण आता त्यांच्यात दम उरला नव्हता. दहा पावलं गेल्या आणि बसल्या. उठल्या, चार पावलं, पुन्हा हातावर टेकल्या. काठी हातातून सुटून खडखडत खाली आली. कोणीतरी दचकलं, पण डोळे उघडले नाहीत. निदान उघडले असं कोणी दाखवलं नाही.

मास्तरांचा आवाज जरासा अडखळला. मी तिकडे डोळा वळवला आणि गारठलेच. मास्तरांचे डोळे टक्क उघडे होते. आधी ते चढणीकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्यांचे दोन, माझा एक. ते मला रागावू शकत नव्हते आणि मी त्यांना काही विचारू शकत नव्हते.

खरं तर मास्तर शेवटाला आले होते. "आणि आता, प्रभू, शेवटी..." एवढं म्हणून झालं होतं. पुढे नुसतं आमेन म्हटलं असतं तरी काम झालं असतं. चाळीस माणसांनी डोळे उघडले असते, धोंडाबाई मुरमावर गुडघे टेकून सापडल्या असत्या, पाळकसाहेबांनी दोन दांडगी पोरं पाठवून त्यांना आंब्याखाली नेलं असतं, आणि माथ्यावरची प्रार्थना मास्तरांची. दहाव्या वर्षी का होईना.

मास्तरांनी श्वास घेतला. मला वाटलं, आलं आमेन.

"...शेवटी, हे प्रभू, आम्ही पुन्हा एकवार स्मरण करतो तुझ्या सेवकांचं, न्यायाधीशांचं!"

माझ्या आईनं खोल उसासा टाकला. मास्तरांनी गिदोन घेतला, शमशोन घेतला, शौल, दावीद, शलमोन, आणि मग असे राजे, जे बायबलमध्ये आहेत हे बहुधा त्या राजांच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल. राजे संपले तेव्हा कलेक्टरसाहेब घेतले. नळाचं पाणी घेतलं. कांद्याचा भाव घेतला. पाळकसाहेब खोकले. खोकला नव्हता तो, सूचना होती. "आणि हे कनवाळू पित्या," मास्तर म्हणाले, "आमच्या पाळकांच्या घशाला आराम दे."

धोंडाबाई वर सरकत होत्या. बसत, सरकत, हातांनी झुडपं धरत. उजवीकडे एक मोठा धोंडा होता. त्याला धरायला त्यांनी हात पुढे केला, आणि धोंडा डुगडुगला.

मास्तरांनी आवाज असा चढवला की खालच्या वाडीत कुत्री भुंकली. "हे प्रभू! उजवीकडची वाट नाशाची आहे! आपल्या लेकराला डावीकडून ने! डावीकडे तू बोरीचं खोड उगवलं आहेस, ते बळकट आहे, प्रभू!"

धोंडाबाईंचा हात थांबला. त्या डावीकडे वळल्या. खोड धरलं.

"आता उजवा पाय, प्रभू! म्हणजे... आमचा उजवा पाय तू स्थिर कर! आणि मग डावा!"

ललितचे खांदे हलत होते. माझी आई ओठ चावत होती आणि तिच्या डाव्या पापणीत बारीक फट होती. मग मी नीट पाहिलं. चाळीस जणांत खरोखर मिटलेले डोळे पाळकसाहेबांचे तेवढे होते. साहेब नवे होते ना.

नऊवारीचा काठ माथ्यावर दिसेनासा झाला, तशी मास्तरांनी कपाळ पुसलं आणि तीन अक्षरांत सगळं मिटवलं. "आमेन."

"तेवीस मिनिटं," पाळकसाहेब म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मावशी आल्याच नाहीत का?"

वरून आवाज आला, "कवाची बसलेय! चालता का झोपता रे?"

पाळकसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. "त्या... त्या वर कधी गेल्या? कोणी पाहिलं?"

चाळीस माणसं खाली बघायला लागली. पाहिलं म्हणावं, तर कधी पाहिलं ते सांगावं लागणार. सेक्रेटरींनी बुटाची नाडी बांधायला घेतली. त्यांनी चप्पल घातली होती.

"मास्तर, तुम्ही?"

"मी प्रार्थनेत होतो," मास्तर म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

माथ्यावर धोंडाबाई उभ्या राहिल्या. कोपर खरचटलं होतं, लुगड्याला मुरूम लागला होता, पण पदर डोक्यावर नीट. त्यांनी 'बापा' म्हटलं आणि आम्ही डोळे मिटले. या वेळी सगळ्यांनी खरे मिटले. मीही.

"बापा, मी आले. तू बघितलंसच. छायाच्या सासूचं गेल्या साली सांगितलं होतं, अजून तशीच हाय. भिमाजी आता सुधारलाय, त्याच्याकडं नको बघू. पल्लवीचं गनित तेवढं राहिलं. ह्या नव्या पाळकसाहेबाला मी जन्मताना धरला नव्हता, म्हनून याची एक चापट राहिली. ती तूच दे, पन हळू दे, पोरगं चांगलं हाय. आन मास्तर..." इथं त्या थांबल्या. त्यांना कधी थांबलेलं मी ऐकलं नव्हतं. "मास्तराची जीभ तू उगाच लांब केली असं मी तुला लय येळा बोलले. ते मागं घेते. आमेन."

मी डोळे उघडले तेव्हा मास्तर चष्मा पुसत होते, आणि चष्मा चांगला स्वच्छ दिसत होता.

उतरायला निघताना पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, आता हळूहळू..." तर धोंडाबाई जेवणासाठी अंथरलेल्या जाजमावर मांडी घालून बसल्या. "नियम चढायचा हाय. उतरायचा कुठं हाय? उचला." शेवटी जाजमाची चार टोकं चौघांनी धरली, त्यातलं एक पाळकसाहेबांनी. जाजमातून सूचना येत होत्या. "डावीकडून रे. साहेब, खांदा वर. तुमचं वजन जन्मताना किती होतं? आईला इचारून सांगा मला."

मागून कोंडाजी मास्तर चालले होते, एका हातात धोंडाबाईंची काठी, दुसऱ्या हातात त्यांच्या चपला.

"मास्तर," धोंडाबाई मान वळवून म्हणाल्या, "माझ्या मागं वरची प्रार्थना तुमचीच. पन घाई करू नगा."

"घाई," मास्तर म्हणाले, "माझ्या स्वभावात नाही, बाई. हे साऱ्या मंडळीला ठाऊक आहे."