तिसऱ्या ट्रॅकमधली शिलाई मशीन

तीन गावची तीन माणसं मिळून गोंगाटाचा रॅप करायला लागली, की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. ते घरी येतात, चहा पिऊन जातात! मी बदलापूरचा, कुळगावातला. प्राची अंबरनाथ पूर्वची. आम्ही दोघं रॅप करतो आणि उल्हासनगरचा सागर बीट बनवतो. त्याच्या बीटमध्ये ढोलकी-गिटार काही नसतं. ग्राइंडर, दुकानाचं शटर, पाण्याचा पंप, असला सगळा माल! आमचा पहिला अल्बम आलाय, आणि ज्यांच्यामुळे आला त्यांची नावं घेतल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

*

प्राचीनं पहिला ट्रॅक रिक्षात मोबाइलवर लावला. रिक्षावाले काका भला माणूस. त्यांनी रिक्षा बाजूला घेतली, उतरले, वाकून इंजिन बघून आले.

"ताई, कायतरी घासतंय, पण कुठे ते कळत नाय!"

प्राचीनं गुपचूप गाणं बंद केलं. काका एकदम खूश.

"बघा, आपोआप बरी झाली!"

*

पहिला शो वांगणीला, एका मित्राच्या वाढदिवसाला. आम्ही सुरू केलं आणि साउंडवाला धावतच आला. "थांबा, माइक गेलाय!" त्यानं माइक बदलला, वायरी बदलल्या, शेवटी घरून दुसरा स्पीकर उचलून आणला. घामानं भिजला बिचारा. हाच आमचा आवाज आहे, हे सांगायचं धाडस कुणालाच होईना.

जाताना त्यानं हात जोडले. "माफ करा हं पोरांनो, आज माझ्या सेटनं तुमची वाट लावली!"

*

सागरची आई वर्षानुवर्षं घरी जीन्सचे खिसे शिवायची. पाठीनं दगा दिला, तेव्हा मशीन विकायचं ठरलं. सागर हादरलाच. "अरे, मी त्या आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात झोपलो. तो गेला तर घर मुकं होईल रे!"

म्हणून आवाज रेकॉर्ड करायला बसलो. तर दर टेकला बाहेरून बाबा, टीव्हीसमोरून, "अगं, बंद कर ना ती मशीन! बातम्या ऐकू येत नाहीत!"

आणि आई मान वर न करता, "एवढा खिसा झाला की बंद करते!"

त्या घरातला हा रोजचा संवाद. शेवटी बाबांना दाढी करायला सलूनमध्ये पिटाळलं, तेव्हा कुठे एक टेक धड मिळाला. दुसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत चढली.

*

मिक्सिंग होतू अंकलच्या स्टुडिओत. तिथे एरवी भजनं आणि सिंधी लग्नाची गाणी होतात. आमच्या शहाण्या सागरनं सगळं रेकॉर्डिंग त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि मोबाइलमधून उडवलं. जागा नव्हती म्हणे!

आठवड्यानं अंकलनी हसत हसत बोलावलं. "बेटा, बहुत कचरा था तुम्हारे गाने में. बैठ के एक-एक करके पूरा साफ कर दिया!"

लावलं. आमचे दोघांचे आवाज, स्वच्छ, शाळेत पाढे म्हटल्यासारखे. बाकी काही नाही. सागर पांढराफटक पडला.

"अंकल, वो मेरी मम्मी की मशीन थी."

अंकलचा चेहरा उतरला. माउस सरकवत ते शोधत राहिले. मग एक फोल्डर उघडलं. नाव 'कचरा'. "मेरे बाप की कपड़े की दुकान थी बेटा. कतरन भी नहीं फेंकते थे. मैं कैसे फेंकूँगा?"

खर्रर्र आवाज आला आणि सागर सरळ त्यांच्या पाया पडला. अल्बमवर आभाराचं पहिलं नाव होतू अंकलचं आहे. त्यांना अल्बम अजूनही आवडत नाही!

*

मशीन गेल्यापासून सागरच्या घरात शांतता होती. आई-बाबांना एकमेकांवर ओरडायला काही उरलंच नव्हतं. "जेवायला वाढू?" "वाढ." संपलं! सागरच्या जिवाला ते फार लागलं होतं.

अल्बम आला त्या संध्याकाळी आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. बाबा बातम्या बघत होते. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. कुणाला काही न सांगता सागरनं आतल्या खोलीत, मशीनच्या रिकाम्या जागेवर, स्पीकर ठेवला आणि तिसरा ट्रॅक लावला. सुरुवातीला नुसती मशीनच आहे.

बाबा टीव्हीवरची नजर न हलवता ओरडले, "अगं, बंद कर ना ती मशीन! बातम्या ऐकू येत नाहीत!"

आणि स्वयंपाकघरातून, मटार सोलता सोलता, आई म्हणाली, "एवढा खिसा झाला की बंद करते!"