छतावरच्या चार फुल्या

ती लाल मोटार आमच्या ठाण्याच्या आवारात शिरली, तो दिवस मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही. इंजिनाची घरघर अशी की लॉकअपमधला पाकीटमारसुद्धा गजांपाशी येऊन उभा राहिला. दोन दारांची, लांबलचक नाकाची, पन्नासएक वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी. शौकीन लोक अशा गाडीवर जीव टाकतात. आणि तिच्यातून उतरलेल्या बाई म्हणाल्या, "साहेब, ही माझ्या बाबांची गाडी नाय. माझी गाडी चोरलीय."

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "ताई, नंबर तुमचा, कागद तुमचे, चावी तुमच्या हातात. मग चोरलं काय?"

"तेच तर शोधा म्हणते मी."

बाई पडेगावच्या, महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका. त्यांचे वडील एका परदेशी इंजिनिअरकडे चालक होते. साहेब मायदेशी परतताना गाडी रीतसर यांच्या नावावर करून गेला. चालकाचा मालक झाला, ही साऱ्या वस्तीला अभिमानाची गोष्ट. पुढे कित्येक वर्षं जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून हीच गाडी सर्वांच्या पुढे असे. वडील गेले, गाडी पत्र्याच्या शेडखाली गंजली. म्हणून बाईंनी ती शहरातल्या एका गॅरेजमालकाकडे दिली. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्यात त्याचं मोठं नाव. "मूळ पत्रा जपतो, सडका तेवढाच बदलतो," असा शब्द त्याने दिला होता.

आता गाडी चकचकीत होऊन परत आली होती आणि बाईंची तक्रार होती दाराबद्दल.

"दार एका झटक्यात लागतंय. बाबांच्या गाडीचं दोनदा आपटावं लागायचं."

"दुरुस्त केलं म्हणूनच लागतं ना, ताई!" हवालदार म्हणाला आणि सारं ठाणं हसलं.

तरी मी परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाकडून तपासणी करून घेतली. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप उमटला, तो नोंदणीशी तंतोतंत जुळला. कागदोपत्री प्रकरण तिथेच मिटलं.

मग माझ्या टेबलावरचा फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साब, वो बाई सच बोल री. नंबर उसका है, बॉडी दूसरी है. पुरानी अभी काटे नहीं, लेकिन काटनेवाले हैं."

"कहाँ रखी है?"

फोन बंद. आवाजात भीतीपेक्षा राग जास्त होता, म्हणजे खबर गॅरेजमधल्याच कुणाची तरी असणार. दुखावलेल्या कामगाराएवढा भरवशाचा खबऱ्या मला नोकरीत दुसरा भेटला नाही.

या धंद्यातली युक्ती तेव्हा माझ्या ध्यानात आली. सडलेला पत्रा इंच इंच सुधारायचा म्हणजे वेळखाऊ काम. त्यापेक्षा त्याच बनावटीची, बिनकागदाची पण धड बॉडी कुठून तरी आणायची, जुन्या बॉडीतला नंबराचा तुकडा कापून तिच्यात जोडायचा आणि गिऱ्हाइकाला त्यातलं अवाक्षरही सांगायचं नाही. छाप जुळणारच, कारण तेवढा तुकडा खरा होता. बाकी सगळी गाडी परकी. आणि बाईंची खरी गाडी कुठल्या तरी कोपऱ्यात गॅस कटरची वाट बघत पडलेली.

मी बाईंना बोलावून घेतलं. "रंगाखाली झाकली तरी नाहीशी होणार नाही, अशी काही खूण आहे का?"

"छताला भोकं हायत की! झेंड्याचा स्टँड बसवायला बाबांनीच पाडली."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"साऱ्या वस्तीला. त्या शेठनं मात्र बघितलीच नसतील. ताडपत्री टाकून ट्रकमधनं नेली गाडी, आणि त्याच्या कपड्याची इस्त्री कधी मोडत नाय."

भोकं किती, तेही त्यांनी सांगितलं. ऐकून मला एक नाटक सुचलं. "हा आकडा आता कुणाजवळ बोलू नका," मी म्हणालो, "आणि तो स्टँड चादरीत गुंडाळून घेऊन या."

गॅरेजमालक आला तो अत्तराच्या घमघमाटासह. मी त्याला चहा पाजला. चौकशीत माणसाला दरडावण्यापेक्षा फुलवलेलं बरं. घाबरलेला माणूस गप्प बसतो, फुललेला बोलत सुटतो.

"शेठ, काम बाकी उत्तम! छताची भोकं काय बेमालूम बुजवलीत!"

क्षणभर त्याचा कप ओठाशी थांबला. मग गडी सावरला. "अहो साहेब, वेल्डिंग मारून, घासून, खास कारागीर लावले त्याला. पण अशा गाडीला भोकं पाडणारा माणूस म्हणजे कमालच म्हणायची!"

माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी चादरीचं गाठोडं छातीशी आवळलं.

"मग पंचांना जरा जागा दाखवा की," म्हणत मी त्याच्या हातात खडू दिला.

आवारात जाऊन त्याने छतावर, अगदी मधोमध, चौकोनात चार सुबक फुल्या मारल्या. मागे सरकून त्या न्याहाळल्यासुद्धा. पंचनाम्यात नोंद झाली, पंचांनी सह्या केल्या. मग मी चादर सोडायला सांगितली.

स्टँडला पाय होते तीन. दोन पुढे, एक मागे. हवालदाराने स्टुलावर चढून तो छतावर धरला. कसाही फिरवला तरी तीन पाय आणि चार फुल्या यांचा मेळ बसेना.

"शेठ," हवालदार म्हणाला, "चौथा पाय तुमचा लावू काय?"

"ते... चौथं भोक बारीक होतं, साहेब."

आम्ही छताचं आतलं अस्तर उतरवलं. पत्रा सलग, कुठेही वेल्डिंगचा डाग नाही. शेठचं अत्तर घामाला हरलं.

"जुनी बॉडी कुठाय?" मी विचारलं.

"भंगार आहे साहेब ते, त्यात काय ठेवलंय..."

"भंगार तुझ्या घरी!" बाई कडाडल्या. "पत्ता सांग!"

पत्ता निघाला शेंद्र्याजवळच्या एका गोदामाचा. आमची जीप पोचली तेव्हा कटर पेटलेला होता. मागचं झाकण आणि एक दार कापून झालं होतं, छत शाबूत होतं. त्यात तीन भोकं, कडा गंजलेल्या. बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः स्टँड उचलून ठेवला. तिन्ही पाय आपापल्या जागी उतरले. बाई त्याचा पाइप धरून तशाच उभ्या राहिल्या. ठाण्यात हसलेला आमचा हवालदार मग बराच वेळ कोरे कागद शोधत बसला. ते त्याच्या काखेतच होते.

फसवणूक आणि नंबरात फेरफार असा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. गंमत अशी की सरकारदरबारी गाडी म्हणजे ती लाल. गंजलेला सांगाडा बिननंबरी, म्हणून कुणाचाच नाही. न्यायालयाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, दोन्ही गाड्या देऊ केल्या. बाईंनी सांगाडा नेला.

ओळख पटवणं हे आमचं रोजचं काम. तोवर मी आधी कागद मागत असे. या प्रकरणानंतर फिर्यादी कितीही विचित्र बोलला तरी पहिला प्रश्न ठरलेला: ती वस्तू तुम्ही वापरत कशी होतात? माणूस कागद बनवून आणू शकतो, पण वस्तूबरोबर काढलेली वर्षं बनवता येत नाहीत. या एका प्रश्नावर पुढे माझे कितीतरी तपास सुटले.

पुढच्या जयंतीला मी बंदोबस्तावर होतो. पडेगावची मिरवणूक आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तो गंजका सांगाडा, छतावर निळा झेंडा आणि आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. डावी रिकामी, उजवीवर बाई.

"ताई, गाडी तुमची. चालकाच्या जागेवर बसलात, बरं केलंत!" मी खालून म्हणालो.

"चालकाची जागा ही डावी, साहेब. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. तिथं बाबा बसायचे. पुढचं वाहन ओलांडताना त्यांना समोरचं दिसत नसायचं, म्हणून इकडनं बघून सांगायचं काम माझं."

एवढं बोलून त्या दार नसलेल्या बाजूने वाकल्या, पुढच्या वाजंत्रीच्या टेम्पोपलीकडे नजर टाकली आणि ट्रॅक्टरवाल्याला ओरडून म्हणाल्या, "मोकळं हाय, घ्या पुढं!"